किडनी बदलल्यावर रक्ताच्या तपासण्यांचे पैसे कोण देतं?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत किडनीच्या ऑपरेशनसाठी कर्जाचा अर्ज आला की आपण ऑपरेशनचाच आकडा विचारतो. पण लांबणारा खर्च पेशंट घरी आल्यावर सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा विम्यात बसत नाही.

आधी तपासण्या कशासाठी ते बघू. दुसऱ्याची किडनी शरीराला परकीच वाटते. शरीर तिच्यावर हल्ला करतं, त्याला डॉक्टर 'रिजेक्शन' म्हणतात. ते टाळायला टॅक्रोलिमससारख्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. गोळीचं रक्तातलं प्रमाण कमी पडलं तर रिजेक्शनचा धोका, जास्त झालं तर तीच गोळी किडनीला त्रास देते. दुसरी तपासणी क्रिएटिनिनची. किडनी नीट गाळत नसेल तर ते वाढतं. सुरुवातीला बऱ्याचदा काही दुखत नाही, सूजही येत नाही. माणूस धडधाकट दिसतो, पण रिपोर्ट बिघडलेला असतो. म्हणून "आता बरं आहे, या महिन्याची राहू दे" असं करायचं नाही. पहिले काही आठवडे वरचेवर, मग महिन्याने, पुढे डॉक्टर सांगतील तशी. (टॅक्रोलिमससाठी रक्त द्यायला जाताना सकाळची गोळी पिशवीत न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. घरून घेऊन गेलं तर आकडा चुकीचा येतो, पैसे वाया.)

आता विमा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी बदलायला अडीच लाखांची मर्यादा होती, 2023 मध्ये शासनाने ती साडेचार लाख करायचं ठरवलं. पण पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरची तपासणी-औषधं साधारण 10 दिवसांचीच धरतात. काही उपचारांना पुढच्या फॉलोअपचं वेगळं पॅकेज असतं. म्हणून घरी सोडायच्या आधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, "पुढच्या तपासण्या योजनेत आहेत का, कधीपर्यंत?" हेल्पलाइन 155388.

विकतची पॉलिसी असेल तर 'आरोग्य संजीवनी'चं उदाहरण घ्या. 2020 पासून ती सगळ्या कंपन्यांकडे एकाच नियमांनी मिळते. त्यात डिस्चार्जनंतर 60 दिवसांचा खर्च धरतात. त्या दिवसांतली प्रत्येक पावती, रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा, मूळ प्रत. त्यानंतरची तपासणी म्हणजे ओपीडी, पैसे आपल्या खिशातून.

धायरी 2017 मध्ये महापालिकेत आली. त्यामुळे पालिकेच्या शहरी गरीब योजनेची चौकशीही क्षेत्रीय कार्यालयात करून ठेवा.

माझं मत विचाराल तर गटाने सगळं कर्ज ऑपरेशनलाच देऊन टाकू नये. थोडी रक्कम तपासण्यांसाठी राखावी आणि हप्ता ठरवताना त्या घराचा महिन्याचा लॅबचा खर्च वजा करून मग बघावं.

आणखी एक. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त. त्या ताईचं बीपी, लघवी, क्रिएटिनिन वर्षातून एकदा बघावंच लागतं, पण घरात आठवण असते ती फक्त नवऱ्याच्या किंवा मुलाच्या तारखांची. कर्ज मंजूर कराल तेव्हा वहीत तिच्या तपासणीचा महिनाही लिहा.