सारथी रथातच आहे

आजचं चिंतन गीतेच्या 18व्या अध्यायातल्या 61 ते 63 या श्लोकांवर.

61व्या श्लोकात भगवंत सांगतात की ईश्वर प्रत्येक प्राण्याच्या हृदयात राहतो. 62व्यात म्हणतात, त्यालाच शरण जा, शांती मिळेल. इथपर्यंत आपल्याला फार बरं वाटतं. स्टेटसला ठेवायलाही असेच श्लोक आवडतात! पण 63व्यात वेगळंच वळण येतं. सांगायचं ते मी सांगितलं, आता यावर पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर, असा त्याचा भाव आहे.

म्हणजे एवढी गीता सांगून झाल्यावर देव निर्णय अर्जुनावरच सोपवतो. वाचताना हे जरा कोरडं वाटतं. देव सोबत आहे, तर सरळ सांगून का टाकत नाही?

पुण्यात नोकरी बदलू की नको, यावर आपण हा प्रश्न विचारतो. आमच्या राळेगावात जून-जुलैत तो जास्त जड असतो. कोरडवाहू शेती, कापसाचा भाग. मृगाच्या पावसावर सरकी टोबली आणि मग पावसानं खंड दिला, तर कोंब वाळून जातात. पुन्हा बियाणं आणायचं की थांबायचं? पैसे दोन्हीकडून जाऊ शकतात, आणि ते बहुतेक उसनेच असतात.

अशाच एका वर्षी बाबा रोज संध्याकाळी गावातल्या सामुदायिक प्रार्थनेला बसत. तुकडोजी महाराजांनी लावलेली ही सवय आमच्याकडच्या कित्येक गावांत अजून आहे. मी फोनवर विचारलं, "बाबा, प्रार्थनेत काही सुचतं का?"

"सुचत काई नाही बापा. भेव कमी होते, मंग हिशेब नीट जमते. टोबाची का नाही, हे तर मलेच ठरवा लागते."

63व्या श्लोकावर याहून सोपं भाष्य मी तरी ऐकलेलं नाही.

पहिला अध्याय आठवा. 21व्या श्लोकात हुकूम अर्जुन देतो: रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये ने. श्रीकृष्ण रथ नेतो, पण उभा कुठे करतो? बरोबर भीष्म-द्रोणांसमोर, जिथे अर्जुनाला सगळ्यात जास्त दुखणार तिथे. त्याचं मार्गदर्शन असंही असतं. मग अर्जुनाचं अंग कापतं, तोंडाला कोरड पडते, धनुष्य हातातून गळतं. अशा अवस्थेत माणूस काय ठरवणार? म्हणून देव बोलत राहतो. अर्जुन पुन्हा पुन्हा शंका विचारतो, तरी तो रथ सोडून उतरत नाही. आणि अर्जुन विचार करण्याइतका सावरला, की मगच म्हणतो, आता तू ठरव.

भीती जाईपर्यंत सोबत बसणं, ही मला देवाच्या सोबतीची सगळ्यात खरी बाजू वाटते. पाऊस पडेलच, इंटरव्ह्यू निघेलच, असं वचन या तीन श्लोकांत कुठेच नाही. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत 41 अध्याय आहेत, आणि त्यांत भक्तीइतकीच शेती, सफाई, आरोग्य यांची चर्चा आहे. मोझरीच्या त्या संताला देवाचं नाव आणि वावरातलं काम वेगळं काढता येत नव्हतं.

बाबांनी शेवटी अर्ध्या वावरात पुन्हा सरकी टोबली, उरलेल्यात तूर घेतली. कापूस बेताचाच झाला. प्रार्थनेला ते दिवाळीतही जातच होते.

आज एक करून पाहा. जो निर्णय अडलाय, तो लगेच देवापुढे मांडू नका. आधी दहा मिनिटं नुसतं नाम घ्या, मग वही घेऊन हिशेब मांडा.

उद्या 64वा श्लोक घेऊ. 'तुला वाटेल तसं कर' म्हणून झाल्यावरही भगवंत गप्प बसत नाहीत. तू मला प्रिय आहेस म्हणून आणखी एकदा सांगतो, असं म्हणून पुन्हा बोलायला लागतात.

जय गुरुदेव.