प्रश्न कोणत्या विषयाचा?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी देवासला मावशीकडे गेलो होतो. मावसबहीण बारावीत, विज्ञान शाखेला. शेजारचे दोन विद्यार्थी, एक वाणिज्याचा व एक कला शाखेचा, संध्याकाळी तिच्याबरोबर अभ्यासाला बसत. मावशीने सांगून टाकले, "दादा कॉलेजात आहे, अडेल ते त्याला विचारा." त्या पंधरा दिवसांत उत्तरे देताना मीच जे शिकलो, ते येथे मांडतो.

पहिला प्रश्न वाणिज्याचा. देवासला बँक नोट प्रेस आहे. "नोटा गावातच छापतात, मग जास्त छापून गरिबांना का वाटत नाहीत?" मी म्हटले, "बाजारात १०० पोती गहू आणि लोकांच्या हाती १ लाख रुपये आहेत असे धरा. पोत्यामागे हजार रुपये पडतील. नोटा दुप्पट झाल्या आणि गहू तेवढाच राहिला, तर त्याच पोत्याला दोन हजार मोजावे लागतील. प्रेस नोटा छापते, गहू पिकवीत नाही." उत्तर सर्वांना पटले आणि मला थोडा गर्व चढला.

पुढच्या रविवारी आम्ही इंदूरमार्गे धारला गेलो. तेथे लाट मशिदीजवळ प्राचीन लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आहेत. त्यांची एकूण लांबी १३ मीटरांच्या आसपास, म्हणजे दिल्लीच्या प्रसिद्ध स्तंभाहून कितीतरी अधिक. बहिणीने विचारले, "दादा, हा गंजून नाहीसा कसा झाला नाही?" मी ठोकून दिले, "लोखंड शुद्ध आहे म्हणून." तिने ते वहीत उतरवून घेतले.

रात्री तिचेच रसायनशास्त्राचे पुस्तक चाळले, तेव्हा शंका आली. शुद्ध लोखंडही दमट हवेत गंजतेच! अधिक वाचल्यावर कळले की, कोळशाच्या भट्टीत काढलेल्या त्या जुन्या लोखंडात फॉस्फरस बराच राहिलेला असतो. दिल्लीच्या स्तंभाच्या अभ्यासात असे दिसले की, अशा लोखंडावर आधी गंजच चढतो. पण फॉस्फरसमुळे त्याचा पातळ, घट्ट थर बनतो आणि आतले लोखंड वाचते. म्हणजे कारण शुद्धता नव्हे, उलट अशुद्धता! सकाळी मी तिला ती ओळ खोडायला लावली. मान खाली घालावी लागली खरी. पण ती ओळ तशीच राहती, तर परीक्षेत नुकसान तिचे झाले असते, माझे नव्हे.

तिसरा प्रश्न इतिहासाचा. "एका देवासात दोन राज्ये कशी?" तुकोजी व जिवाजी पवार या भावांनी १७२८ च्या सुमारास येथे सत्ता स्थापिली. त्यांच्या वंशजांच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. प्रथम कारभार एकत्र होता, पुढे मुलूख वाटून घेतला गेला. १९४८ साली दोन्ही राज्ये मध्य भारतात विलीन झाली. यावर वाणिज्याचा विद्यार्थी म्हणाला, "मग ही साझेदारीच ना?" हिंदीत साझेदारी, कन्नडात पालुदारिके, मराठीत भागीदारी, शब्द तिन्ही भाषांत ओळखीचा होता. तरी या वेळी मी म्हटले, "पाहून सांगतो."

१९३२ चा भागीदारी कायदा पाहिला. भागीदारीचे नाते करारातून निर्माण होते, जन्माच्या हक्कातून नव्हे. पवारांच्या पुढील पिढ्यांना वाटा जन्माने मिळाला. तेव्हा हे साम्य भागीदारीपेक्षा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीशी अधिक.

वेळापत्रकात विषयांचे तास वेगळे असतात. प्रश्न मात्र तास पाहून येत नाहीत. सुट्टीत आपल्यालाही धाकटी भावंडे असेच काही विचारतील. "पाहून सांगतो" हेही उत्तरच आहे. मात्र नंतर खरोखर पाहिले पाहिजे आणि सांगितलेही पाहिजे.