डायग-लेव्हल ठरवताना

चि. मृण्मयीस,


तुझा मेसेज मिळाला. महापेच्या डेटा सेंटरमधल्या जुन्या सन टी२००० ची मेमरी शनिवारी रात्री बदलायची आहे, डाउनटाइम तुटपुंजा मिळालाय आणि साहेब म्हणताहेत, ‘पोस्ट बंद ठेव, वेळ वाचेल.’ फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा लिहूनच कळवतो.

पोस्ट, म्हणजे पॉवर-ऑन सेल्फ-टेस्ट, बंद ठेवू नकोस, त्या रात्री तर मुळीच नाही. मशीनचं झाकण उघडून आत हात घातला की त्याच्याबद्दलची कालपर्यंतची खात्री संपते. मेमरीची नवी पट्टी, म्हणजे डिम, नीट बसली नसेल, तर ते डेटाबेस चालू होऊन लोक कामाला लागल्यावर कळण्यापेक्षा ओके प्रॉम्प्ट यायच्या आधी कळलेलं बरं.

आधी सिस्टीम कंट्रोलरवर जाऊन ‘शोएससी’ने आजची सेटिंग्ज बघ आणि लिहून ठेव. मॅन्युअलमधल्या डिफॉल्टवर विसंबू नकोस. इतक्या वर्षांत त्या मशीनला कितीतरी जणांचे हात लागले असतील. त्यात डायग-लेव्हल आणि डायग-व्हर्बोसिटी यांची गल्लत फार जण करतात. लेव्हल म्हणजे किती तपासायचं, व्हर्बोसिटी म्हणजे कन्सोलवर किती लिहायचं. व्हर्बोसिटी मॅक्स केली आणि लेव्हल मिनवरच राहिली, तर पडदाभर अक्षरं धावतील, पण तपासणी मात्र जुजबीच होईल. मॅक्स लेव्हलला प्रोसेसर आणि मेमरी सखोल तपासली जाते. मेमरी जितकी जास्त तितका वेळही जास्त, म्हणून डाउनटाइम मागतानाच तो वेळ धरून मागायचा असतो. साहेबांना हे आजच सांग.

कोणत्या रीसेटला पोस्ट चालवायचा हे ठरवणाऱ्या डायग-ट्रिगरकडे तर कुणी बघतच नाही. तो पॉवर-ऑन आणि एरर रीसेटवर ठेवलेला असेल, तर सोलारिसमधून दिलेल्या साध्या रीबूटला पोस्ट चालतच नाही. ‘कालच रीबूट केला, सगळं ठीक आहे’ असं छातीठोकपणे सांगणारे मी खूप पाहिलेत. त्या रीबूटने हार्डवेअरबद्दल काहीच सिद्ध झालेलं नसतं. अशा सेटिंगला मशीन बंद करून पुन्हा चालू केलं किंवा ते एररने रीसेट झालं, तरच ती तपासणी होते.

शनिवारी डिम बसवून पॉवर केबल जोडल्यावर कंट्रोलरवर सेट-की-स्विच कमांडने आभासी चावी ‘डायग’वर कर, मग पॉवर-ऑन दे आणि लगेच कन्सोल उघडून समोर बस. चावी डायगवर असली की बाकीची सेटिंग्ज काहीही असोत, पूर्ण तपासणी होते. चहाला उठू नकोस. एरर आलीच, तर टेस्टचं नाव येईल आणि खाली ‘हार्डवेअर अंडर टेस्ट’च्या ओळीत एमबी/सीएमपी०/सीएच२/आर०/डी० असं काहीतरी दिसेल. मदरबोर्ड, त्यावरचा प्रोसेसर, २ क्रमांकाचं चॅनल, शून्य रँक, शून्य डिम, असा तो थेट खाचेपर्यंतचा पत्ता असतो. ती ओळ जशीच्या तशी जपून ठेव. एकापेक्षा जास्त भाग दिलेले असतील, तर ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने बदलायचे.

आणि मशीन बूट झालं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. पोस्ट त्याला सदोष वाटलेला भाग बाजूला काढतो आणि उरलेल्यावर मशीन उभं राहतं. म्हणून बूटनंतर ‘प्रिंट-डायग’मध्ये मेमरी पूर्ण दिसते का ते मोज आणि ‘शो-फॉल्ट्स’ही बघ. जुनी डिम पोस्टनेच बंद केलेली असेल, तर नवी बसवल्यावर ‘एनेबल-कंपोनंट’ द्यावं लागतं, हेही ध्यानात ठेव.

काम झालं की चावी पुन्हा ‘नॉर्मल’वर आण. ती डायगवरच राहिली, तर पुढे एखाद्या रात्री वीज गेली आणि सगळे सर्व्हिस परत येण्याची वाट बघत असले, तरी मशीन पूर्ण तपासणीतच अडकून बसेल. तेव्हा ड्यूटीवर असलेल्या पोराला कारण कळणार नाही. तुमच्या चेकलिस्टमध्ये चावीची वेगळी ओळच घाल आणि पुढे सहीला जागा ठेव.

रोजच्यासाठी माझं मत विचारलंस. ठरलेल्या, साध्या पॉवर-सायकलला मिन पुरे. हार्डवेअर बदललं किंवा मशीन एररने पडलं, तर मॅक्सच. ओरॅकलच्या नंतरच्या काही टी-सिरीज मशीनवर कंट्रोलरच्या आयलॉममध्ये नेहमीची, एररनंतरची आणि हार्डवेअर बदलल्यावरची अशा वेगवेगळ्या लेव्हल ठेवता येतात, त्यामुळे हा भेद एकदाच ठरवून टाकता येतो. टी२००० वर मात्र तो तुलाच पाळावा लागेल. पोस्ट पास झाला म्हणजे त्या वेळी त्या तपासण्यांत दोष सापडला नाही, एवढंच. मधूनच डोकं वर काढणारे दोष सोलारिसच्या फॉल्ट मॅनेजरकडूनच कळतात. त्याचा लॉग दर आठवड्याला बघत जा.

शुक्रवारपर्यंत ‘शोएससी’चं आउटपुट मला पाठव. ट्रिगर काय आहे ते मला बघायचंय. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा