बंपर पांढरा पडलाय? काळ्या प्लॅस्टिकचं काम धंदा म्हणून कसं करायचं

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गाडीचं विटलेलं काळं प्लॅस्टिक परत काळं करून बघितलं. व्हिडिओत हात दिसतो, पण कारणं आणि हिशोब सांगायला वेळ पुरत नाही. ते इथे लिहितो. वही घेऊन बसा, कारण मधे थोडं गणित आहे.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघू. आपलं शिरड शहापूर औंढा-वसमत रस्त्यावर आहे. नागनाथाला जाणाऱ्या गाड्या, आपल्या मल्लिनाथ मंदिराला येणारे जैन भाविक, वसमतच्या बाजाराला हळद नेणारे पिकअप, सगळे इथूनच जातात. पण रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांवर हा धंदा धरू नका. ज्याला पुढे दोनशे किलोमीटर जायचंय तो बंपरसाठी तीन तास थांबत नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे गावातली आणि आजूबाजूच्या खेड्यांतली एम एच ३८ ची गाडी. ती सकाळी सोडून जाणार, संध्याकाळी घेऊन जाणार.

आता त्या नजरेने एकदा बाजारातून चक्कर मारा. क्विड, पंच, डस्टर या गाड्यांना चाकावरची कमान आणि दाराखालची पट्टी काळी, बिनरंगाची असते. पिकअप आणि छोटा हत्तीचा पुढचा बंपर तसाच. जुन्या ऑल्टोच्या बेस मॉडेलला आरसे आणि दाराच्या मुठीही काळ्याच. आणि जवळपास प्रत्येक गाडीला वायपरखालची जाळी असते. ती आडवी असते, दुपारचं ऊन थेट तिच्यावर पडतं, म्हणून सगळ्यात आधी तीच पांढरी होते. आपल्याकडे किती जणांच्या दारात शेड आहे? गाडी लिंबाखाली नाहीतर उघड्यावर. मराठवाड्याचं ऊन म्हणजे या धंद्याला मिळालेला फुकटचा माल आहे असं समजा.

पांढरं का पडतं

हे प्लॅस्टिक म्हणजे बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिन. खोलून ठेवलेला बंपर मिळाला तर मागची बाजू बघा, तिथे पीपी, ईपीडीएम, टीडी २० अशी अक्षरं उठवलेली असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ईपीडीएम म्हणजे लवचीकपणासाठी मिसळलेलं रबर, टीडी २० म्हणजे २० टक्के टाल्क, शंखजिऱ्याची पूड. काळेपणा येतो तो काजळीसारख्या कार्बन ब्लॅकमुळे, आणि ही काजळी प्लॅस्टिकला उन्हापासून वाचवायचंही काम करते.

तरी वर्षानुवर्षं ऊन लागलं की अतिनील किरणांनी वरच्या थरातल्या प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात. पृष्ठभाग खडूसारखा होतो, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक भेगा पडतात. त्या भेगांवर उजेड विखुरतो आणि आपल्याला ते पांढरट दिसतं. म्हणजे आतली काजळी कुठे गेलेली नसते.

आपल्या काळ्या रानाचं उदाहरण घ्या. माती वाळली की भुरकट दिसते, एक सर पडली की काळीभोर. मातीचा रंग बदलला का? नाही, मधल्या फटी पाण्याने भरल्या. बंपरचंही तसंच. त्या भेगा ज्याने भराल त्याने तो काळा दिसेल. पाण्याने भरा, दहा मिनिटं काळा. तेलाने भरा, काही दिवस काळा. घट्ट होऊन बसणाऱ्या कोटिंगने भरा, बरेच महिने काळा. आपण गिऱ्हाइकाला नेमकं काय विकतोय, हे एवढ्यावरून ठरतं.

भाव सांगायच्या आधी ओला फडका

गाडी आली की तोंडातून आकडा काढू नका. ओला फडका घ्या आणि पांढरट जागेवर फिरवा. एकसारखं काळं झालं तर काम सोपं आहे, कोटिंग बसेल. काही ठिकाणी पांढरे डाग तसेच राहिले तर ते ऊन नाही, वेगळं काहीतरी आहे. रंगाच्या कडेने पांढऱ्या रेघा असतील तर कोणीतरी पॉलिश मारताना ते प्लॅस्टिकवर वाळू दिलंय. ते क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने निघतं, थोडं चिवट असतं. गोल गोल थेंबांचे डाग असतील तर बोअरच्या पाण्याचे क्षार. त्याला पाणी मिसळलेला पांढरा व्हिनेगर लावायचा आणि स्वच्छ धुऊन काढायचं. खरचटून प्लॅस्टिक उचकटलं असेल तर ते कशानेच जात नाही. गिऱ्हाईक उभं असताना दाखवा, मोबाइलमध्ये फोटो काढा, मग गाडी आत घ्या.

हळद वाहणाऱ्या पिकअपवर पिवळे डाग असतात. त्यावर फार ताकद लावू नका. धुऊन जेवढे जातील तेवढे जाऊ द्या, हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो. ऊन कधीतरी आपल्या बाजूनेही काम करतं.

तेलवाला काळेपणा

गेल्या महिन्यात एक मुलगा दुकानावर आला. नुकतंच वॉशिंग सेंटर टाकलेलं. म्हणाला, "सर, मी दीडशे रुपयांत काळं करून द्यायलोय, दहा मिनटात. तुम्ही तीन तास काय करताव?" मी विचारलं, लावतोस काय? खोबरेल तेल आणि थोडं डिझेल.

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. दहा मिनिटांत दीडशे म्हणजे तासाचा हिशोब माझ्यापेक्षा भारी. पण तेल भेगांत टिकत नाही, त्यावर धूळ बसते आणि चार दिवसांत बंपर मातकट होतो. पहिल्या पावसात ते ओघळून पांढऱ्या रंगावर काळपट रेघा उठतात. डिझेलसारखी द्रव्यं रबराच्या बीडिंगला फुगवतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उद्या त्याच गाडीवर कोणी चांगलं कोटिंग लावायला गेला तर तेलामुळे ते धरत नाही. बूट पॉलिश आणि जुनं इंजिन ऑइल यांचंही तेच.

त्याला मी दीडशेचं काम बंद कर म्हटलं नाही. तेल सोडून पाण्यावर आधारित ड्रेसिंग घे आणि धुलाईसोबत 'चमक' म्हणून वीक, हे सांगितलं. दोन धुलाया टिकेल, हे तोंडावर सांग. 'काळं करून देतो' हे शब्द मोठ्या कामासाठी राखून ठेव. कारण जुन्या गाड्या विकणारे त्याच्याकडेच गाड्या आणतात. तेल लावून विकलेली गाडी पावसात पांढरी झाली की घेणारा आधी त्या विकणाऱ्याला धरतो, आणि विकणारा त्याला. आठवडी बाजार एकच, चहाची टपरी एकच. तिथे एकदा विषय निघाला की तो महिनाभर बंद होत नाही.

हीट गनचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. गरम हवा मारली की पांढरं प्लॅस्टिक डोळ्यांदेखत काळं होतं. ते खरं आहे, वरचा अगदी पातळ थर वितळून गुळगुळीत होतो. पण त्यात संरक्षण काही वाढत नाही, ते परत विटतं. शिवाय हात जरा थांबला की प्लॅस्टिक वाकतं, दाणेदार पोत जातो, शेजारचा रंग फुगतो. भंगारातल्या बंपरवर हवं तेवढं खेळा, गिऱ्हाइकाच्या गाडीवर मी ती चालवत नाही.

काम कसं करायचं

व्हिडिओत सगळं आहे, त्यामुळे इथे फक्त जिथे लोक घाई करतात तेवढंच. वेळेचा मोठा भाग धुण्यात आणि सुकवण्यात गेला पाहिजे. क्लीनर आणि ब्रशने घासा. फेस काळसर-तपकिरी येतोय तोवर परत घासा. धुवा, पूर्ण वाळू द्या. जाळीच्या आणि सांध्यांच्या फटीतलं पाणी ब्लोअरने काढा, नाहीतर तेच पाणी नंतर ओघळून कोटिंगवर डाग पाडतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, म्हणजे उरलेला तेलकटपणा जातो. कडेला मास्किंग टेप. हातमोजे घाला.

कोटिंग सावलीत, थंड प्लॅस्टिकवर. मे महिन्यात सकाळी दहानंतर मी हे काम घेतच नाही. तापलेल्या बंपरवर कोटिंग लावता लावताच वाळतं आणि पट्टे पडतात. थोडंथोडं घेऊन, एका वेळी एक भाग. जादा राहिलेलं बाटलीवर लिहिलेल्या वेळेत मायक्रोफायबरने पुसा. आणि बाटलीवर जितके तास पाणी लावू नका म्हटलंय, तितके तास गाडी धुवायची नाही हे कागदावर लिहून द्या. गाडी घरी गेली की पोरं लगेच पाइप लावतात.

आता गणित

आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा. समजा कोटिंगची बाटली १२०० रुपयांची आणि त्यात चार छोट्या गाड्या होतात. म्हणजे गाडीला ३००. टेप, कापड, क्लीनर, हातमोजे ८०. मदतनिसाचा रोज दहा तासांचे ५०० आणि काम तीन तासांचं, म्हणून १५०. भाडं आणि वीज महिन्याला ६०००, कामाचे दिवस २५, दिवसाला दोन गाड्या, म्हणजे गाडीमागे १२०. बेरीज ६५०.

इथे बहुतेक जण थांबतात. अजून एक ओळ लिहा. दहातली एक गाडी परत येईल असं धरा, ती फुकट करून द्यायची. तिचे ६५० दहा गाड्यांवर वाटले की ६५. एकूण ७१५. आता १००० रुपये घेतले तर २८५ उरतात आणि परत आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून कपाळाला आठी पडत नाही, कारण त्याचे पैसे तुम्ही आधीच बाजूला काढलेत. ५०० ला करून देणारा ही ओळ लिहीत नाही, म्हणून परत आलेल्या माणसाशी भांडतो.

गॅरंटी किती सांगायची? बाटलीवर दोन वर्षं लिहिलेलं असेल तरी तुम्ही तेवढी सांगू नका. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी सहा महिने सांगतो. तारीख आणि मोबाइल नंबर बिलावर. पाचव्या महिन्यात मीच फोन करून गाडी दाखवायला बोलावतो. त्या फेरीत धुलाईचं काम मिळतंच.

हंगाम दसऱ्याच्या आधी. खंडेनवमीला गाडी धुऊन पूजेला उभी करायची असते, तेव्हा आदल्या आठवड्याच्या वेळा वहीत आधीच लिहून घ्या. दुसरा हंगाम लग्नसराईचा.

कागदपत्रांचं थोडक्यात : उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. एवढं सामान घ्यायला कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेतला शिशु गट ५०,००० पर्यंत असतो. पण आधी दहा गाड्या करा, मग बँकेत जा.

आणि दहा गाड्यांच्याही आधी हे करा. भंगारवाल्याकडून एक पांढरा पडलेला बंपर आणा. धुऊन टेपने पाच पट्टे पाडा. एकावर खोबरेल तेल, एकावर ड्रेसिंग, दोघांवर दोन वेगवेगळी कोटिंग, पाचवा कोरा. प्रत्येकावर तारीख लिहून बंपर दुकानाच्या पत्र्यावर उन्हात ठेवा. आठवड्याला एकदा पाणी मारा, एक फोटो काढा. महिन्याभरानंतर तोच बंपर दुकानात दर्शनी लावा. गिऱ्हाईक दीडशे आणि हजारातला फरक विचारेल तेव्हा त्याला तिकडे बोट दाखवा.

पुढच्या व्हिडिओत पिवळ्या पडलेल्या हेडलाइट घेऊ. एखादी जुनी काच मिळाली तर जपून ठेवा.