उसने शब्द, उसने विचार

प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची चूक बहुधा लेखनास बसल्यावर नव्हे, तर टिपणे घेतानाच घडते. ग्रंथातील वाक्य तो वहीत उतरवून घेतो. अवतरणचिन्हे घालीत नाही, पृष्ठांक नोंदवीत नाही. पुढे तेच वाक्य त्याला स्वतःचे वाटू लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या विनियमांत प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सुधारित प्रबंध ६ महिन्यांच्या आत द्यावयाचा, ६० टक्क्यांपर्यंत असल्यास वर्षभर तो सादरच करावयाचा नाही, आणि त्यापलीकडे नोंदणी रद्द, असे ठरविले. परंतु टक्केवारी हे चौर्याचे खरे माप नव्हे. यंत्र जुळणारे शब्द मोजते. इंग्रजी ग्रंथातील परिच्छेद मराठीत उतरवून कोणी आपल्या नावावर खपविला, तर तो यंत्राच्या नजरेतून सहज निसटू शकतो. शब्द बदलून युक्तिवादाचा क्रम तसाच ठेवला, तरीही ऋण उरतेच.

यासाठी मूळ ग्रंथ मिटून ठेवावा, आशय स्वतःच्या वाक्यांत मांडावा, मग ग्रंथ उघडून तो पडताळावा आणि लेखकाचे नाव व पृष्ठांक तेथल्या तेथे लिहावा. अवतरण अनुवादित असेल, तर अनुवाद कोणाचा, हेही सांगावे.