बारा अंशांची बिअर आणि सोबतची बशी

प्रश्न : प्रागमधील बिअर-आस्वाद सहलीत फलकांवर दिसणारे १०, ११, १२ हे अंश म्हणजे मद्यार्काचे प्रमाण काय? सोबत शाकाहारी काय मिळते?

उत्तर : नाही. हे अंश किण्वनापूर्वीच्या गोड माल्ट-अर्कात, म्हणजे वर्टमध्ये, विरघळलेल्या, मुख्यतः शर्करारूप घटकांचे वजनी प्रमाण दर्शवितात. त्यांतील काही भागाचेच मद्यार्कात रूपांतर होत असल्याने १२ अंशी बिअरमध्ये मद्यार्क साधारण ५ टक्केच भरतो. बिअरवरचा दाट फेस ही मापातील लबाडी नव्हे. ‘म्लीको’ या प्रकारात तर पेलाभर जवळजवळ फेसच असतो, आणि तो विरण्यापूर्वी प्यावयाचा असतो. सोबतच्या खाण्यापैकी ‘उतोपेनेत्स’ हे व्हिनेगरमध्ये मुरविलेले मांसाचे सॉसेज असल्याने शाकाहारींनी तेल, कांदा व मसाल्यांत मुरविलेले ‘हेर्मेलीन’ हे मऊ चीज मागवावे. मात्र प्राणिजन्य रेनेट (चीजसाठी दूध गोठविणारे विकर) वर्ज्य असणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.