चुनखडीचा माळ: मृगाआधी ओळखा, मगच हात घाला

मे महिना सरत आला की वैजापूर, गंगापूर, फुलंब्रीच्या माळांवर जेसीबीची घरघर सुरू होते. वर्षानुवर्षे गवताखाली असलेला पडीक तुकडा सपाट करायचा, बांध घालायचा आणि मृगात मका नाहीतर कपाशी टाकायची, असा बेत असतो. वाटण्या होऊन वहितीखालची जमीन तुकड्यातुकड्यांत आली आहे, तेव्हा हा बेत सरसकट चुकीचा म्हणता येणार नाही. पण आपल्याकडचे पुष्कळ माळ चुनखडीचे आहेत. वरची वीतभर पोयट्याची माती खरवडली गेली की खालचा पांढरा थर उघडा पडतो आणि पुढची कित्येक वर्षे त्या रानात पीक पिवळेच उभे राहते. म्हणून यंत्र सांगण्याआधी माती ओळखा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

हा चुना बाहेरून आलेला नाही. मराठवाड्याचा काळा बेसाल्ट खडक झिजतो तेव्हा त्यातला कॅल्शियम मोकळा होतो. कोकणातही हाच खडक आहे, पण तिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कॅल्शियम धुऊन नेतो आणि माती लाल, आम्लधर्मी होते. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एवढे पाणी कॅल्शियमला हातभर खाली नेते आणि वाटेतच आटते. मग तो तिथेच चुना होऊन बसतो. राजस्थानात, इराणात, अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांतही कमी पावसाने असेच चुन्याचे थर साचवले आहेत.

ओळखायचे कसे? टिकाव घ्या आणि माळाच्या मध्यावर दोन हात खोल खड्डा खणा. एक बाजू उभी, स्वच्छ तासा. वरचा थर बहुधा तपकिरी, भुसभुशीत, गवताच्या मुळांनी भरलेला दिसेल. थोडे खाली मुळांच्या जुन्या वाटांवर पांढरे दोरे दिसू लागतील. त्याखाली शेंगदाण्यापासून सुपारीएवढे चुनखडीचे खडे आणि शेवटी खडूसारखा मऊ पांढरा मुरूम. आता प्रत्येक थरातली चिमूटभर माती वेगळी घेऊन तिच्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे उठले तर चुना आहे, जोरात फसफसले तर भरपूर आहे. पांढरा थर पृष्ठभागापासून किती खोल लागला ते टेपने मोजा आणि लिहून ठेवा. हे अंतर एक फुटाहून कमी असेल तर त्या जागी सपाटीकरण करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा अंदाज झाला, नेमका आकडा प्रयोगशाळेतूनच मिळेल. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य अन्नद्रव्ये, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असे 12 घटक तपासले जातात. मातीतला हा चुना, म्हणजे मुक्त चुना, त्यात नाही. म्हणजे आपल्या भागातल्या जमिनीचा सगळ्यात मोठा गुणधर्म पत्रिकेवर येतच नाही. सामू 8 च्या वर दिसला की चुन्याचा संशय घ्यावा, आणि नमुना देतानाच अर्जावर ‘मुक्त चुना तपासावा’ असे ठळक लिहावे. मुक्त चुना 5 टक्क्यांच्या आत असेल तर फारशी चिंता नाही. 10 टक्क्यांच्या पुढे गेला तर पीक निवडण्यापासूनच विचार बदलावा लागतो.

चुना पिकाला थेट मारत नाही, तो अन्न अडवून धरतो. टाकलेले स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाते. लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. ऑगस्टमध्ये झड लागून रान चिबडले की सोयाबीनची शेंड्याची पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. नत्र कमी पडले तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. हा फरक न पाहता युरियाची गोणी फोडली की पैसा वाया जातो. चुनखडीच्या ओल्या मातीवर उघडा फेकलेला युरिया तर अमोनिया होऊन हवेत उडतो. तो नेहमी कोळप्याने मातीआड करा. पिवळेपणा लोहाचा असेल तर आधी साचलेले पाणी काढा आणि वाफसा येताच कोळपणी करा. मग 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून उन्हे उतरल्यावर फवारा. हेच हिराकस नुसते जमिनीत टाकले तर काही दिवसांत निकामी होते. टाकायचेच असेल तर कुजलेल्या शेणखतात मुरवून टाका.

गंधक टाकून चुना संपवता येतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. साधा हिशेब करू. एका एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात अंदाजे 900 टन माती असते. तिच्यात 10 टक्के चुना असेल तर तो झाला 90 टन. एक टन चुना विरघळवायला साधारण 320 किलो गंधक लागते, म्हणजे एकराला जवळपास 29 टन. कोणत्याही शेतकऱ्याला हे परवडणार नाही. पेरणीच्या ओळीत शेणखताबरोबर दिलेल्या थोड्या गंधकाचा मुळांपुरता उपयोग होतो, तेवढाच धरावा. जिप्सम तर चोपण जमिनीचे औषध आहे. चुनखडीत ते टाकणे म्हणजे कॅल्शियमवर कॅल्शियम.

उन्हाळ्यात नाथसागर जलाशयातून आणि पाझर तलावांतून गाळ आणून माळावर पसरण्याची धडपड चालते. काम चांगले, पण आपल्या भागातला गाळही अनेकदा चुनखडीचाच असतो. पहिली खेप येण्याआधी त्यावर लिंबू पिळून पाहा, सामू आणि क्षारता तपासून घ्या.

मग या माळाचे करायचे काय? गवत. ही जमीन गवतासाठीच घडली आहे. मारवेल, पवना, अंजन ही गवते चुनखडी सोसतात आणि त्यांची दाट मुळे वरच्या पोयट्याला धरून ठेवतात. हा पोयटा उघडा पडला तर पावसाच्या पहिल्या माऱ्याने त्यावर पपडी धरते, पाणी मुरायचे थांबते आणि माती ओढ्याला लागते. अतिचराईने मारवेल, पवना संपतात आणि जनावरे टाळतात ते कुसळ उरते. तुमच्या माळावर कुसळच कुसळ असेल तर तो माळ थकलेला आहे.

अंजनाचे बी मागच्या हंगामाचे घ्या, ताजे बी सुप्तावस्थेत असते. एकरी दोन ते अडीच किलो बी ओलसर मातीत चोळून, उताराला आडव्या पाडलेल्या उथळ ओळींत टाका. बी एका सेंटिमीटरहून खोल गेले तर उगवत नाही. मारवेलचे ठोंब मात्र चांगला पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच लावा. सोबत स्टायलो घातले तर चाऱ्यात प्रथिने येतात. पहिल्या वर्षी गुरे आत सोडू नका. फुलोऱ्यावर येताच गवत कापून घरी आणा. दुसऱ्या वर्षापासून माळाचे तीन-चार भाग करून पाळीपाळीने चारा.

या चाऱ्यात कॅल्शियम भरपूर, स्फुरद कमी. म्हणून चुनखडीच्या माळावर चरणारी गाय कधी दावे चघळते, चिंध्या नाहीतर हाडे तोंडात धरते. ती खोड नाही, बहुतेक वेळा शरीरातले स्फुरद कमी पडलेले असते. दूध देणाऱ्या जनावराला रोज 30 ते 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या आणि पशुवैद्यकांना दाखवा.

फळझाडांत सीताफळ, बोर, आवळा, चिंच ही या जमिनीची झाडे. दौलताबादच्या उतारांवर सीताफळ किती सहज वाढते, ते डोळ्यांसमोर आहे. पैठण, पाचोडकडच्या मोसंबीचे यश पाहून माळावर मोसंबी लावू पाहणाऱ्यांनी मात्र थांबावे. मुक्त चुना 10 टक्क्यांहून जास्त असेल तर मोसंबी लावूच नये. त्याहून कमी असेल तर रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमे घ्यावीत, खड्डा भरताना खालची पांढरी माती वर येऊ देऊ नये.

मृगाला थोडेच दिवस उरले आहेत. या आठवड्यात खड्डा खणा. वरच्या वीतभर थराचा एक आणि पांढऱ्या थराचा एक, असे दोन वेगळे नमुने पैठण रोडवरील कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या, आणि अहवाल हातात येईपर्यंत माळावर यंत्र घालू नका.